सावरीचा कापूस

"कापूस बदलायचा राहिलाय," म्हणत गावातल्या रकमामावशी काल पुन्हा उंदरांच्या पिंजऱ्यांकडे वळल्या. मी चिडले. चाळीस पिंजरे, आणि पाच महिन्यांत एकही उंदीर नाही.

तीन वर्षांपूर्वी या रानातला बांबू फुलला, बी पडलं आणि रानउंदरांचा सुळसुळाट झाला. आम्ही पकडून, मोजून सोडायचो. बी संपलं, तसे उंदीरही संपले. ते परत वाढतात का, हे पाहायला मी थांबले होते. माझ्या संशोधन संस्थेने मात्र याच महिन्यात काम गुंडाळायला सांगितलं होतं. तरी मावशी रोज शेंगदाण्याचं आमिष ठेवायच्या आणि थंडीसाठी सावरीचा कापूस. "पावणी कुडकुडली तर?"

आज सकाळी एकतीस नंबरचा पिंजरा जड लागला. आत कापसाचं घरटं, त्यात एक उंदरीण आणि तिला चिकटलेली सहा गुलाबी पिल्लं.

"बघा, बाळंतपणाला माहेरी आली!" मावशींनी पिंजरा होता तिथेच ठेवला, दार उघडं बांधलं आणि आमिषाचा अख्खा डबा आत रिकामा केला.

मी संस्थेच्या तक्त्यात लिहिलं: पिंजरा क्रमांक एकतीस, बाळंतिणीमुळे बंद. काम चालू.