सात नंबरची स्लाइड

"सात नंबर आजारी," मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता बाई म्हणाल्या.

मामांनी हातातल्या यादीवर बोट ठेवलं. "सात नॉर्मल आहे, बाई."

"नीट बघा."

"नीटच बघतोय. सात म्हणजे मी."

ही तिसरी खेप होती. माणसाच्या डोळ्याला जे हवं असतं तेच दिसतं, म्हणून या प्रयोगशाळेत एक शिस्त होती. स्लाइड मामांनी तयार करायच्या, त्यांच्यावर नावं न घालता नुसते आकडे टाकायचे आणि कोणता आकडा कुणाचा ती यादी स्वतःकडे ठेवायची. बाईंनी बघून आजारी की निरोगी, एवढंच सांगायचं. आकडे दर खेपेला बदलायचे. पहिल्या खेपेला मामांची स्लाइड तीन नंबर होती, तेव्हा बाईंनी तिला आजारी म्हटलं. दुसऱ्या खेपेला ती अकरा नंबर होती, तेव्हाही. एकदा झालं तर हातून चूक झाली म्हणता येतं. तिसऱ्यांदा तेच आलं की त्याला निकाल म्हणावं लागतं, आणि हे मामांना बाईंनीच शिकवलं होतं.

आजार स्नायूंचा. स्नायूला इजा झाली की आत झोपलेल्या मूळ पेशी जाग्या होतात आणि डागडुजी करतात. त्यांच्या कामावर लक्ष ठेवणारं एक प्रथिन असतं. ते आरएनएच्या धाग्याला धरतं, आपलं काम उरकतं आणि सोडून देतं. या आजारात धागाच नको तेवढा लांबलेला असतो. प्रथिन त्याला चिकटतं ते चिकटतंच, आणि डागडुजीचं काम बोंबलतं. स्लाइडवर त्याचे ठिपके दिसतात. माणसात सुरुवातीला एवढंच दिसतं, की आवळलेली मूठ लवकर उघडत नाही. पुढे हा आजार पिढीगणिक जोर धरतो. आजोबाला जेमतेम जाणवतो, मुलीला जरा जास्त, आणि तिच्या पोटचं मूल कधीकधी जन्मतःच लुळं असतं. त्याच्यात रडायचीही ताकद नसते.

वर्षाच्या सुरुवातीला तुलनेसाठी लागणारा निरोगी स्नायूचा जुना नमुना संपला. नवा मिळवायचा तर परवानग्यांचे कागद नाचवण्यात सहा महिने जाणार. "माझा घ्या की," मामा म्हणाले होते, "या इमारतीत नॉर्मल माणूस मी एकटाच आहे." तेव्हापासून सगळा मजला त्यांना नॉर्मलमामा म्हणायला लागला. मांडीतून तांदळाएवढा तुकडा काढला. आधी तपासून घ्यावं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. समोर धडधाकट माणूस उभा, त्याचं काय तपासायचं? फॉर्मवर एक प्रश्न होता, काही आढळल्यास कळवावे का. मामांनी 'नाही'वर खूण केली. "मला काय धाड भरलीय," म्हणाले.

"माझीच चूक," आता ते म्हणाले. "नमुन्यांच्या डब्या बदलल्या असतील."

"तिन्ही वेळा?"

"वय झालं, बाई. चौथ्यांदा करू."

बावीस वर्षांत मामांच्या हातून एकही डबी बदललेली नव्हती. बाईंना भयंकर राग आला, आणि तो स्वतःचाच होता.

"सरका जरा," म्हणून मामा स्वतः मायक्रोस्कोपशी बसले. हजारो स्लाइड त्यांनी रंगवल्या होत्या, ठिपके त्यांना कुणी दाखवायला नको होते. बराच वेळ ते डोळा लावून बसले. मग टेबलावरचा फोन वाजला.

घरून होता. लेक आठ दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. नात अगदी आजोबांवर गेलीय, शांत, रडणं म्हणून माहीत नाही, हे मामांनी आख्ख्या मजल्याला सांगून झालं होतं. सगळे हसले होते. बाईही हसल्या होत्या, ते त्यांना आता आठवलं.

"पाजलंस का?" मामा फोनवर विचारत होते. "ओढत नाही? अजून? … बरं. दमली असेल गं. झोपू दे तिला." दुसऱ्या हातात त्यांनी यादी गच्च चुरगळली होती.

फोन ठेवल्यावर ते बाईंकडे न बघता म्हणाले, "काही पोरं शांत असतात ना, बाई?"

असतात, एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.

"तिला आजच मोठ्या दवाखान्यात नेऊ," त्या म्हणाल्या. फॉर्म गेला खड्ड्यात. "मी येते बरोबर. लेकीला पण घ्या."

"म्हणजे चौथी खेप नको?"

"नको. ती यादी द्या इकडे."

मामांनी मूठ पुढे केली. कागदाचं एक टोक बोटांतून बाहेर आलं होतं. बाईंनी ते धरून ओढलं. कागद निघाला नाही.

"सोडा तो कागद, मामा," बाई हळूच म्हणाल्या.

मामा आपल्याच हाताकडे बघत होते.

"सोडलाय, बाई," ते म्हणाले. "मी केव्हाच सोडलाय."