ठेवलेलं नाव

"जाऊ की नको, एवढं तरी सांगा. एका शब्दात!"

सुतार एक फळी पालथी टाकून तिची कड पॉलिशपेपरने घासत होता. तो घासतच राहिला. त्याच्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. दूरच्या शहरात बढतीवर बदली आली होती. जन्मभर हवी होती तशी स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. पण नवऱ्याचं दुकान इथलं, म्हणजे जायचं तर एकटीने. आठवडाभर त्या विचारत होत्या आणि आठवडाभर हा गृहस्थ 'हं'च्या पुढे सरकला नव्हता. 'जा' म्हणाला असता तर भांडता आलं असतं. 'नको जाऊस' म्हणाला असता तर रडता तरी आलं असतं. या 'हं'चं काय लोणचं घालायचं?

लग्नानंतर वर्षभरातच वैतागून बाईंनी त्याच्यासाठी एक लॅटिन शब्द हुडकला होता. लिग्नियस. म्हणजे लाकडाचा. वर्गात त्या तो शब्द झाडांच्या खोडांसाठी वापरत, घरात नवऱ्यासाठी. "लिग्नियस, चहा गार होतोय!" "लिग्नियस, आज माझा वाढदिवस आहे, बरं का!" त्याने एकदा अर्थ विचारला, तेव्हा त्यांनी तोही तोंडावर सांगून टाकला. त्यावर तो म्हणाला होता, "हं."

बाईंनी दुकानात नजर फिरवली. करवती भिंतीवरून उतरवलेल्या. पटाशा गोणपाटात गुंडाळलेल्या. कोपऱ्यातला भुसासुद्धा झाडलेला. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझा इथे जीव चाललाय आणि तुम्हाला साफसफाई सुचतेय? लाकूड आहात, नुसतं लाकूड! जाऊ दे, नाहीच जात मी. कळवून टाकते नाही म्हणून."

त्यांनी तणतणत फोन काढला. तेवढ्यात घासण्याचा आवाज थांबला. सुताराने फळीवर फुंकर मारली आणि ती उलटून त्यांच्यासमोर धरली. ठसठशीत अक्षरं कोरली होती: 'लिग्नियस फर्निचर'.

"अहो, शिवी आहे ती!" बाई किंचाळल्या.

"तू ठेवलेलं नाव आहे."

"अख्खा बाजार ओळखतो आपल्याला. ही पाटी लावलीत तर लोक हसतील!"

"इथे कोण लावतंय?" सुतार म्हणाला. "तिकडच्या दुकानाची आहे ही."