रांग मोडणारी बाई

रांग दाराबाहेर पडून पार पायऱ्यांपर्यंत आली होती. कपवालीनं ती पाहिली आणि आधी घड्याळाकडे नजर टाकली.

कपवाली म्हणजे मातीचे कप घडवून गावोगाव पाठवणारी बाई. पार्सल कचेरीत तिला सगळे ह्याच नावानं ओळखत. दर आठवड्याला ती यायची, खोकं पुढे सरकवायची आणि काउंटरवाल्याशी कडाकडा भांडायची. "अहो, कासव बरं तुमच्यापेक्षा!" हे तिचं ठरलेलं वाक्य. तो चष्म्यावरून बघत म्हणायचा, "घाईत फुटलं तर पुन्हा तुम्हीच याल बोंबलत." रांगेतल्यांची तेवढीच करमणूक.

आज मात्र भांडायला सवड नव्हती. पाचच्या आत शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सरकारी कचेरीत पोचायचं होतं. ह्या कामाची तारीख आधी दोनदा हुकली होती, आणि दोन्ही वेळा ह्याच रांगेपायी.

फोन वाजला. धाकटी बहीण होती.

"ताई, मी येऊन बसलेय इथे. साहेब पाचच्या ठोक्याला उठतात म्हणे. पोचताय ना?"

"पोचू. रांग आहे थोडी."

"थोडी म्हणजे मागच्या वेळेसारखी?"

तिनं फोन ठेवला आणि रांगेतली डोकी मोजली.

दुसरी खिडकी बंद होती, तिथला माणूस आजारी. राहता राहिला काउंटरवाला. चारनंतर नवीन माणसं घ्यायची नाहीत असा नियम होता. पण आधी आलेल्या एकाही माणसाला परत पाठवायचं नाही, हा त्याचा स्वतःचा हट्ट. मग घरी जायला कितीही उशीर होवो. आज तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून, गुळगुळीत दाढी करून बसला होता. हात मात्र नेहमीच्याच संथपणे चालले होते.

"साहेब नटलेत, पण रांग काही हलत नाही," कोणीतरी पुटपुटलं.

कपवालीनं आपलं खोकं बंद खिडकीत ठेवलं, पदर खोचला आणि रांगेच्या शेंड्याकडे गेली.

"पैसे घरूनच भरलेत असे कोण कोण आहेत? चिठ्ठी आधीच चिकटवलेली?"

आठ-दहा हात वर झाले.

"मग इथे का उभे? दाराच्या डाव्या बाजूला ते जाळीचं कपाट दिसतंय? त्यात टाका, पोच फोनवर येते. पाटी लावलीय की एवढी मोठी!"

"आम्हाला वाटलं ते कचऱ्याचं आहे," एक तरुणी ओशाळून म्हणाली.

बघता बघता पायऱ्या मोकळ्या झाल्या.

उरलेल्यांपैकी निम्म्यांनी पत्ताच लिहिला नव्हता. तो काउंटरवर पोचल्यावर आठवून आठवून लिहायचा, असा सगळ्यांचा बेत. कपवालीनं त्यांना त्या बंद खिडकीच्या कट्ट्याशी उभं केलं, पिशवीतून पेन, कात्री, चिकटपट्टी काढली. "पिनकोड लिहा. फोन नंबर लिहा. अहो, 'मारुतीच्या देवळामागे'सारखं नको, घर नंबर लिहा! आणि कोपऱ्यातल्या काट्यावर वजन करून या."

"तुम्ही इथल्याच का?" एका काकूंनी विचारलं.

"छे हो! मलाही लवकर सुटायचंय."

"मग जा ना पुढे. आम्ही सोडतो तुम्हाला."

"नको. मी शेवटीच जाईन."

काकूंना काही कळेना. घाई तर चेहऱ्यावर मावत नव्हती.

खरा बोळा अडकला होता मधोमध. चपलांच्या दुकानातला माणूस हातगाडीभर खोकी घेऊन उभा. त्याच्या एकट्यापायी तास गेला असता.

"एवढा माल असेल तर यांची गाडी दुकानात येऊन उचलते," ती म्हणाली.

"मालकानं सांगितलंय, रांगेतच उभा राहा."

"लावा मालकाला फोन."

मालक आधी उखडला, मग गाडी फुकट येते म्हटल्यावर विरघळला. हातगाडी गडगडत बाहेर गेली तेव्हा लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. काउंटरवाल्यानं क्षणभर मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

आता रांग सरसर सरकत होती. पार्सल ठेवलं, शिक्का बसला, पावती आली, पुढचा. शेवटी उरले एक आजोबा. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून आणलं होतं.

"हे असं जाणार नाही," काउंटरवाला हळूच म्हणाला. "काच फुटेल. खोकं लागेल."

"नातीकडे पाठवायचंय हो. ती नव्या घरात गेलीय. आता खोकं कुठून आणू?"

काउंटरवाल्यानं कपवालीकडे पाहिलंही नाही. पाहायची गरज नव्हती. तिनं आपलं खोकं उघडलं, कप एकेक करून पिशवीत भरले आणि रिकामं खोकं पेंढ्यासकट आजोबांपुढे ठेवलं. घड्याळ त्यात मापात बसलं.

"आणि तुमचं सामान?" आजोबा कळवळले.

"उद्या जाईल. कप कुठे पळून जात नाहीत."

शेवटचा शिक्का बसला. आजोबा आशीर्वाद देत काठी टेकत दारापर्यंत गेले. चार वाजून थोडीच मिनिटं झाली होती. दार लोटलं गेलं. ज्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे आता पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

काउंटरवाला चष्मा पुसून रिकाम्या खोलीकडे बघत राहिला. "कोणीच उरलं नाही?" त्याचा विश्वास बसेना.

"कोणीच नाही," कपवाली दोन्ही हात काउंटरवर टेकून म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद. "अहो, मग उठा की आता! नवरदेवाशिवाय माझं एकटीचं लग्न लावत नाहीत तिथे."