फ्रिजमधलं दूध

तिच्या दुधाच्या सगळ्या बाटल्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये जशाच्या तशा उभ्या होत्या. कालपासूनच्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर नवऱ्याच्या अक्षरात तिचं नाव.

एकेका बाटलीत दूध ते केवढं, तळ जेमतेम झाकेल एवढं. पण टाके ओढत असताना दात-ओठ खाऊन तिनं ते काढलं होतं. दर वेळी नवरा बाटली घेऊन खाली जायचा आणि हसत परत यायचा. "फस्त केलं पठ्ठ्यानं," म्हणायचा. आत्ता तो फोन उचलेना, म्हणून ताजी बाटली घेऊन ती स्वतःच भिंतीला धरून नवजात बाळांच्या कक्षापर्यंत आली होती.

"हे त्याला दिलंच नाही?" तिनं विचारलं.

सिस्टर गोंधळली. "त्याला तोंडानं काही द्यायचंच नाहीये, ताई. जठराच्या पुढे आतड्याची वाटच बंद आहे ना. दूध पुढे जाणारच नाही." मग तिचा चेहरा पाहून सिस्टरनं आवाज खाली घेतला. "ऑपरेशन सकाळीच व्हायचं होतं. तुमच्या घरच्यांचं अजून ठरत नाहीये."

काचेपलीकडे बाळ होतं. नाकात नळी, आणि नळीतून हिरवं पाणी थेंबथेंब पिशवीत उतरत होतं. बाळ मूठ चोखत होतं. मूठ सुटली की तोंड इकडेतिकडे फिरवून शोधत होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहेर बाकावर नवरा आणि सासरे बसले होते. समोर सर्जनबाई हाताची घडी घालून उभ्या. तिला पाहताच नवरा उठला आणि पुन्हा बसला.

"लपवायचं नव्हतं तुझ्यापासून," सासरे म्हणाले. "तू ओली बाळंतीण. म्हटलं, सगळं पार पडल्यावर सांगू."

"काय पार पडल्यावर?"

शेवटी सर्जनबाईच बोलल्या. "आतडं जोडता येतं. नंतर बहुतेक मुलं नीट दूध पितात. मात्र बाळाला डाउन सिंड्रोम असावा असं दिसतंय, तपासणी पाठवलीय. तसं असेल तर चालायला, बोलायला, शिकायला त्याला वेळ लागेल. ते ऑपरेशननं बदलणार नाही. यांना तेवढंच ऐकू आलं."

"वरूनच वाट बंद करून पाठवलाय," सासरे गोड आवाजात म्हणाले. गोड बोलून काम साधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "आपण कशाला उघडायची? तुम्ही दोघं तरुण आहात, दुसरं होईल. याचं जन्मभर कोण करणार?"

"आणि कालपासून त्याच्यासाठी दूध कोण काढतंय?"

"अगं, तू त्याला अजून धड पाहिलंही नाहीस."

"तुम्ही तर पाहिलंत," ती म्हणाली. "मूठ चोखताना पाहिलंत ना? आणि इथे येऊन बसलात."

सासऱ्यांच्या आवाजातला गोडवा आटला. नवरा बुटांच्या नाड्यांकडे पाहत होता. त्या खाली घातलेल्या मानेचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. सासरे निदान बोलत तरी होते.

"माझी सही चालेल?" तिनं सर्जनबाईंना विचारलं.

"तुमचीच हवी होती. तुम्ही अजून गुंगीत आहात, असं सांगताहेत मला. आता मी स्वतःच वर यायला निघाले होते."

तिनं भिंतीला कागद टेकवून सही केली. सर्जनबाई कागद घेऊन लगबगीनं आत गेल्या.

नवरा उठला. तिला आधार द्यायला त्यानं हात पुढे केला. "चल, तुला वर सोडतो."

त्या हातात तिनं बाटली ठेवली. ती अजून कोमट होती.

"मी जाईन माझी," ती म्हणाली. "हे फ्रिजमध्ये ठेव. सांडू नकोस. फस्त करणार आहे पठ्ठ्या."