सांडोरचं रुखवत

"लग्न कधी आहे?" संजनानं विचारलं.

"झालं," दारातली बाई म्हणाली. "तीन वर्षं झाली."

संजनाच्या हातात करवंटीचं कासव होतं. पाठीवर लॅकरचा हात फिरवला की तो ओला असतानाच चमकी भुरभुरावी लागते, वाळल्यावर ती धरत नाही. अशा वेळी गिऱ्हाईक आलं तरी संजना मान वर करत नसे. विरारला बोळिंजच्या सोसायटीत तळमजल्यावरचा तिचा हॉल म्हणजेच दुकान. रिकाम्या बाटल्या, करवंट्या, जुन्या सीड्या, लग्नपत्रिकांचे पुठ्ठे, जे जे लोक टाकून द्यायचे ते तिच्याकडे यायचं आणि पालखी, तुळशीवृंदावन, नवरा-नवरी होऊन मांडवात जाऊन बसायचं. संजनाचं रुखवत म्हटलं की बायका जेवणाची पंगत सोडून बघायला यायच्या.

"लग्न होऊन गेल्यावर रुखवत कशाला?" तिनं विचारलं.

"सुनेसाठी. तिचं राहिलंय."

आता मात्र संजनानं वर पाहिलं. साठीची बाई, फिकट निळी साडी, गळ्यातल्या बारीक साखळीत क्रूस. हातातल्या कापडी पिशवीतून वेलची केळ्यांची फणी डोकावत होती.

"कुठून आलात?"

"वसईच्या सांडोरवरून. मी कॅथरिन."

नाव सांगायची गरजच नव्हती, गावाचं नाव पुरेसं होतं. तीन वर्षांपूर्वी रुचितानं, संजनाच्या एकुलत्या एका मुलीनं, सांडोरच्या जेन्सनशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. संजना गेली नाही. नंतर पोरीचा फोनही घेतला नाही. शेजारणींनी विचारलं की "ती बाहेर असते" म्हणून सांगायची, जणू काही पोरगी अमेरिकेत होती. प्रत्यक्षात दोन रिक्षा बदलल्या की सांडोर येत होतं. पहिलं वर्ष रागात गेलं. मग राग कधी विरला ते तिचं तिलाही कळलं नाही, पण आता कोणत्या तोंडानं जायचं, या विचारात पुढची दोन वर्षं गेली. लोकांच्या मुलींची रुखवतं मात्र ती करत राहिली.

सोफ्यावर पेपर वाचत बसलेला तिचा नवरा दिवाकर एकदम उठला. "मी चहा टाकतो," म्हणाला.

तीस वर्षांच्या संसारात चहाचं पातेलं कुठं असतं हे या माणसाला माहीत नव्हतं. संजना काय ते समजली. रिकाम्या बाटल्या आणायला म्हणून हा दर पंधरा दिवसांनी वसईला जायचा. बाटल्या विरारमध्ये काय कमी होत्या? तिनं त्याच्या पाठीकडे रोखून पाहिलं. पाठ लगबगीनं स्वयंपाकघरात गेली.

"हातात खूप ऑर्डरी आहेत," संजना कोरडेपणानं म्हणाली. "दिवाळीच्या आत काही जमायचं नाही. आणि तुमच्यात कुठं असतं रुखवत?"

"नसतं," कॅथरिन म्हणाली. "मला त्यातलं काय कळत पण नाय, ताई. गेल्या महिन्यात आमच्या शेजारी लग्न होतं, हिंदू घरात. आमची सून त्या रुखवतासमोर जी उभी राहिली ती हललीच नाय. सगळ्यांची जेवणं झाली. मी बोलवायला गेले, तर मला तिथलं एक कासव दाखवलं आणि म्हणाली, 'मम्मी, माझी आई याच्यापेक्षा भारी करते.' आणि रडायलाच लागली. तीन वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा रडली ती."

संजनानं खाली पाहिलं. कासवाच्या पाठीवरचं लॅकर वाळून गेलं होतं. चमकीची डबी उघडीच होती. इतक्या वर्षांत असा हात तिनं कधी वाया घालवला नव्हता.

"त्यात काय काय असतं ते तुम्हीच ठरवा," कॅथरिन हळूच म्हणाली. "तुळस असेल तर तीपण द्या. आमच्या अंगणात क्रूस आहे, त्याच्या बाजूला जागा आहे. दिवाळीनंतर तर दिवाळीनंतर. मी येऊन घेऊन जाईन." तिनं पर्स उघडली. "ॲडव्हान्स किती देऊ?"

स्वयंपाकघरात पातेलं पडल्याचा आवाज झाला. दोघींपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

संजनाला पुष्कळ काही विचारायचं होतं. पोरगी बारीक झालीय की अंग धरलंय, जेवते का वेळेवर, सर्दीचा त्रास अजून होतो का. यातलं एकही विचारायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असं तिला वाटत होतं, आणि हा हक्क दुसऱ्या कुणी नव्हे, आपणच घालवला हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे डोळे भरून आले. लॅकरनं चिकट झालेल्या हातानंच तिनं कॅथरिनची पर्स मिटली.

"रुखवत मुलाकडच्यांनी न्यायचं नसतं, विहीणबाई," ती म्हणाली. "ते मुलीची आई घेऊन येते. या रविवारी तुमची चर्चमधली मिस्सा किती वाजता सुटते?"