शेवटचा नंबर

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, तसा ड्राफ्ट्समन टेबलावर उभ्या केलेल्या फोनपुढे हात जोडून पुटपुटला, "जाऊ दे. एवढा एक बॉल आत जाऊ दे."

बायको शेजारी उभी राहून काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती. तिने फोनकडे एकदा पाहिलं.

"गोलकीपर तुमचाच ना तो?"

"माझाच. म्हणून तर."

एकाच ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले ते पाच जण: साहेब, लंबू, दाढी, नकाशे गिरवणाऱ्या ट्रेसरबाई आणि हा ड्राफ्ट्समन; ऑफिसात पडलेली नावंच अजून चालू होती. गेली सात वर्षं त्यांची फुटबॉलची फँटसी लीग चालू होती. खऱ्या खेळाडूंतून फोनवर प्रत्येकाने आपापले अकरा निवडायचे. ते मैदानात जसे खेळतील तसे गुण मिळायचे आणि कप्तानाचे दुप्पट धरायचे. वर्षाअखेर जो तळाला राहील त्याने बाकीच्या चौघांना घरी बोलावून जेवू घालायचं. हा नियम आजवर कोणी मोडला नव्हता. लंबू तर एकदा अंगात ताप असताना मफलर गुंडाळून आला होता.

आणि सातही वर्षं तळाला ड्राफ्ट्समनच. पहिल्या झटक्यात तो संघ झकास निवडायचा, मग शुक्रवारच्या संध्याकाळी निवड बंद होईपर्यंत खोडत बसायचा. ऑफिसातही त्याचं तेच. याच्या पेन्सिलीआधी रबर संपतं, असं ट्रेसरबाई म्हणायच्या.

जेवायला बसायचे ते याच टेबलाभोवती. ऑफिस बंद झालं तेव्हा भंगारात निघालेलं नकाशांचं हे मोठं टेबल त्याने उचलून आणलं होतं. एका कोपऱ्यात शाईचा जुना डाग होता, मध्यभागी दाढीने कंपासने पाडलेलं भोक, आणि त्याच्या बाजूला लंबूने गरम पातेलं टेकवल्याचं काळं कडं. साहेब दरवर्षी नकाशावर उलटा काढला गेलेल्या पुलाची तीच गोष्ट सांगायचे, आणि सगळे दरवर्षी त्याच जागी हसायचे. भांडी घासता घासता ड्राफ्ट्समनला वाटायचं, हरावं तर असं.

महिनाअखेरीला हे घर सोडायचं होतं. नव्या घराच्या नकाशावर त्याने टेबल आडवं, उभं, तिरपं, सगळ्या तऱ्हेने मांडून पाहिलं होतं. ते मावत नव्हतं. घर सोडण्याआधी सगळे एकदा या टेबलाभोवती बसावेत एवढीच त्याची इच्छा होती. त्याने सरळ आमंत्रण देऊनही पाहिलं होतं, एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी कोणाचा डॉक्टर निघाला, कोणाची नात आली. दुसऱ्या वेळी चौघांनीही 'बघू' म्हणून लिहिलं. बोलावलं की बघू म्हणणारे हे लोक, हरल्यावर मात्र हजर. म्हणजे तळाला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

खरं तर तळाला तो होताच. शेवटच्या आठवड्यात चौथ्या नंबरावरचा दाढी त्याच्या अकरा गुणांनी पुढे होता. हाताची घडी घालून बसला असता तरी भागलं असतं. पण घडी घालून बसेल तो ड्राफ्ट्समन कसला? आपल्या दोघा फॉरवर्डना नेमकं याच दिवशी स्फुरण चढलं तर? काढा त्यांना. गुरुवारी मधली फळी बदलली. शुक्रवारी, दहा मिनिटं उरली असताना, वर्षभर सगळ्यांत जास्त गोल खाल्लेल्या संघाचा अडतीस वर्षांचा राखीव गोलकीपर त्याने घेतला आणि त्यालाच कप्तान केलं. दाढीचा कप्तान पाहून मात्र त्याला धसकाच बसला होता. त्या खेळाडूच्या पायाला तीन आठवड्यांपासून प्लॅस्टर होतं. बायको गेल्यापासून दाढी एकटा राहतो, विसरायला लागला बिचारा, असं वाटून ड्राफ्ट्समनला वाईटही वाटलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली नाही. दुबळ्या संघाच्या गोलकीपरलाच सगळ्यांत जास्त काम पडतं, आणि अडवण्याचेही गुण असतात. आज नेमका हा राखीव म्हाताराच मैदानात उतरला होता आणि भिंतीसारखा उभा होता. अकरा गुणांचं अंतर चारवर आलं होतं.

म्हाताऱ्याने डावीकडे झेप घेतली. बॉल तळहाताला लागून बाहेर गेला. मैदान उठून उभं राहिलं आणि अख्खा संघ त्या माणसाच्या अंगावर पडला. पेनल्टी अडवल्याचे पाच, कप्तान म्हणून दुप्पट, दहा. ड्राफ्ट्समनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातलं थोडं त्या म्हाताऱ्यासाठीही होतं. संघातून काढलेल्या दोघा फॉरवर्डनी आज गोलकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," बायको म्हणाली. मोठं पातेलं तिने इतके दिवस बाहेर ठेवलं होतं. आता तेही तिने खोक्यात घातलं.

फोन वाजला. दाढी होता.

"अभिनंदन. सात वर्षांनी वर चढलास."

हरलेल्या माणसाचा हा आवाज नव्हता. कप्तान निवडताना जरा बघायचं होतंस, त्याच्या पायाला प्लॅस्टर आहे, असं ड्राफ्ट्समन कसंबसं म्हणाला.

"मला दिसत नाही का प्लॅस्टर?" दाढी म्हणाला. "ताटं मागच्याच आठवड्यात आणून ठेवलीत. घरात दोनच होती. रविवारी सगळे या. फक्त बसवू कुठे ते कळत नाही रे. खोली मोठी आहे, पण नुसतीच मोकळी."

ड्राफ्ट्समनचा हात टेबलावरच्या काळ्या कड्यावर होता. दुसऱ्या हाताने त्याने उघड्या खोक्यातून मोजायची टेप बाहेर काढली.

"पेन्सिल घे," तो लगेच म्हणाला, "आणि तुझ्या दाराची रुंदी सांग."