सासूबाईंचा खांदा

सुनेने फिजिओथेरपीचा दवाखाना थाटला, पण सुई दिसली की पेशंट काढता पाय घ्यायचे. त्या दिवशी तिघे बाकावर चुळबुळत बसलेले असताना सासूबाई खांदा धरून आल्या. चाळीस वर्षं अ‍ॅक्युपंक्चर केलेली बाई आपल्याकडे आली म्हटल्यावर सुनेला चेव चढला.

"आई, हे ड्राय नीडलिंग. तुमच्यासारखं खांदा दुखला म्हणून पायात सुई नाही. आखडलेल्या स्नायूतली गाठ शोधून तिथेच घालायची. उगाच अंदाजपंचे नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

"खरंय बाई, आमचं आपलं जुनं वळण," म्हणत सासूबाईंनी टोचून घेतलं. उठल्यावर बाकावरच्यांना म्हणाल्या, "मुंगी चावल्यासारखं वाटतं. खुशाल जा आत." तिघेही थांबले.

संध्याकाळपर्यंत सुनेला स्वतःचेच शब्द खायला उठले. चारचौघांत त्यांची आयुष्यभराची विद्या आपण मोडीत काढली, आणि त्यांनी उलट आपल्याच पेशंटना धीर दिला. घरी येताच ती खालमानेने म्हणाली, "आई, चुकलं माझं. खांदा कसा आहे आता?"

भाजी निवडता निवडता सासूबाई थांबल्या.



"कोणता सांगितला होता गं मी?"